परमिटवरचा चौथा

आमच्या घरात सहलीचं नियोजन माझ्याकडे असतं, कारण दुसऱ्या कोणाकडे दिलं की त्याचा बट्ट्याबोळ होतो. मी वाकडच्या एका आयटी कंपनीत कॅबचं रोस्टर लावते. कोण कुठून चढणार, कोण कुठे उतरणार, कोणत्या गाडीत किती डोकी, हे सगळं माझ्या शीटमध्ये असतं. त्यामुळे ताडोबाला जायचं ठरलं तेव्हा माझ्या नवऱ्याने, कुलदीपने, सरळ हात वर केले आणि "साधना, तूच बघ" म्हणाला. मी म्हटलं, "मीच बघतेय रे दहा वर्षं, तू फक्त गाडीत बस."

बेत साधा होता. शुक्रवारी पहाटे पिंपळे गुरवहून निघायचं, पुण्याची गर्दी टाळून चाकण-शिक्रापूर रस्त्याने नगरकडे वळायचं आणि रात्री रिसॉर्टला टेकायचं. शनिवारी दोन सफाऱ्या, रविवारी सकाळी एक, सोमवारी परत. जाणार कोण, तर मी, कुलदीप आणि आमची आठ वर्षांची स्वरूपा.

सासूबाई यायला तयार नव्हत्या. त्यांचं नाव शालनबाई, पिंपळे गुरवच्या जुन्या गावठाणातल्या. "वाघ बघाया आठशे किलोमीटर कशापायी?" त्या म्हणाल्या. "आमी ल्हान व्हतो तवा बिबट्या गोठ्यात यायचा. त्याला बघाया तिकीट न्हाई काढलं कुणी." मी हसले. पण लगेच त्यांनी बोटं मोजली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"तिघंच जाणार व्हय?"

"हो आई. तिघंच."

"तिघांनी न्हाई निघायचं. चौथा घ्या."

चौथा म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. माझ्या माहेरी, लातूरकडे, तिघं कुठे निघाली की खिशात खडा टाकतात आणि त्याला चौथा धरतात. ह्यांच्याकडे सुपारी घेतात. सासूबाईंनी देवघरातून एक सुपारी आणली, तिला कुंकू लावलं आणि माझ्या हातावर ठेवली. "हिला माणूस धरायचं. गाडीत जागा द्यायची, जेवताना घास काढायचा. येताना नदीत सोडायची, मग घरात यायचं. फकस्त नाव द्यायचं न्हाई."

"का बरं?"

"नाव दिलं की त्यो पाव्हणा ऱ्हात न्हाई. घरचा हुतो. मग त्याला नदीत कसा सोडशील?"

मी मान डोलावली. सासूबाईंशी वाद घालून आजवर माझं भलं झालेलं नाही. सुपारी पर्समध्ये टाकली आणि विसरले.

सफारीच्या जिप्सीत सहा जण बसतात, पण आम्ही आमच्यासाठी अख्खी गाडी घेतली होती. फॉर्ममध्ये प्रत्येकाचं नाव, वय, ओळखपत्राचा नंबर. मी तिघांची माहिती भरली आणि पैसे भरायला लॅपटॉप कुलदीपकडे दिला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात परमिटची प्रिंट काढली. कागदावर चार नावं होती.

चौथं नाव रोहिदास. वय एक्केचाळीस.

रोहिदासभाऊजी माझे थोरले दीर. तीन वर्षांपूर्वी गेले, तेव्हा अडतीस वर्षांचे होते. मी प्रिंटरपाशी उभी राहून दोनदा आकडा वाचला. कुलदीपने नुसतं नाव घातलं नव्हतं, वयही मोजून पुढे आणलं होतं. मला आधी राग आला, मग अंगावर काटा आला, आणि मग परत राग आला.

दोघे भाऊ चाकणच्या एकाच कारखान्यात, गाड्यांचे पत्रे दाबणाऱ्या प्रेसवर होते. तिथल्या कामगारांत बदलीची रीत आहे. एकाला अडचण असली की त्याची शिफ्ट दुसरा करतो, आणि पुढे कधीतरी पहिल्याने ती फेडायची. हे कोणी लिहून ठेवत नाही, पण कोणी विसरतही नाही. तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी आम्हाला स्वरूपाला समुद्र दाखवायला मुरूडला जायचं होतं आणि कुलदीपला रजा मिळेना. भाऊजी म्हणाले, "तुम्ही जावा. ह्याची शिफ्ट मी करतो. मी ताडोबाला जाईन तेव्हा माझी शिफ्ट ह्यानं करायची. बदली ती बदली." भाऊजींना वाघाचं वेड होतं. लग्न केलं नाही, दारू नाही, पत्ते नाहीत. जेवतानाही मोबाइलवर वाघाचे व्हिडिओ बघायचे आणि सासूबाईंच्या शिव्या खायचे. त्या शनिवारी साचा बदलताना प्रेस खाली आली. आम्ही स्वरूपाचे दोन्ही हात धरून लाटेत उभे होतो, तेव्हा फोन आला.

घरी आल्यावर मी कागद कुलदीपच्या पुढ्यात आपटला. सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणते, पण त्या दिवशी तेही भान राहिलं नाही. "डोकं फिरलंय का तुझं? मेलेल्या माणसाचं परमिट काढतोस?"

तो शांत होता. "आईनंच सांगितलं ना चौथा घ्या. मग चौथा दुसरा कोण असणार? ताडोबा त्याचं होतं, साधना. आपण त्याच्या ट्रिपला चाललोय."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "नाव दिलंस?" एवढंच विचारलं आणि आत गेल्या. त्यांनी रात्री भाकऱ्या केल्या त्या मोजून एका माणसाच्या जास्त झाल्या. त्या म्हणाल्या पीठ जास्त भिजलं.

चार दिवसांनी रिसॉर्टवरून फोन आला. विजयश्री नावाची मुलगी होती, बोलायला गोड. "मॅडम, तुम्ही चार जण ना? खोल्या लावून ठेवते. आणि तुमच्यातल्या सरांना सांगा, पहाटे जिप्सीत थंडी असते, जाड जर्किन आणा. त्यांनी काल फोन करून विचारलं होतं."

"कुलदीपने?"

"नाही मॅडम. रोहिदास नाव सांगितलं."

मी खुर्चीत ताठ बसले. मग वाटलं, हा कुलदीपचाच वेडेपणा असणार. मी तिला म्हटलं, फोन कोणत्या नंबरवरून आला होता ते बघून सांग. तिने नंबर वाचला. शेवटचे चार आकडे मी तिच्या आधीच मनात म्हटले. तो भाऊजींचा नंबर होता. त्यांचा मोबाइल त्यांच्याबरोबर प्रेसखाली गेला होता आणि सिम आम्हीच अर्ज देऊन बंद केलं होतं. मी तो नंबर लावला. अशा नंबरचं अस्तित्व नाही, असं बाईचा आवाज तीन भाषांत सांगत राहिला.

मी स्वतःची समजूत घातली. बंद झालेले नंबर कंपन्या दुसऱ्या कोणाला देतात. पण दुसऱ्या कोणाला ताडोबाच्या थंडीशी काय घेणं, ह्याचं उत्तर मला सापडेना. कुलदीपला सांगितलं तर त्याने स्वरूपाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की त्याने फोन केला नाही. आणि मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मला अजिबात आवडलं नाही. तो खूश झाला होता.

मंगळवारी मी ऑफिसात सहलीची शीट उघडली. सवय वाईट, घरच्या सहलीलाही मी रोस्टर करते. नाव, जागा, कुठून चढणार, किती वाजता. पहिल्या तीन ओळी माझ्या होत्या. मी, कुलदीप, स्वरूपा, पिंपळे गुरव, पहाटे साडेपाच. खाली चौथी ओळ होती. नावाचा रकाना रिकामा. जागा: मागे, डावीकडे. चढण्याचं ठिकाण: पिंपळे गुरव. उतरण्याचं ठिकाण: चाकण, कंपनी गेट नंबर दोन. वेळ साडेसहा.

शीटचा पासवर्ड फक्त मला माहीत आहे. ती ओळ माझ्याच पद्धतीने लिहिलेली होती, वेळेपुढे मी देते तसा टिंब देऊन. मी टाइप केल्याचं मला आठवत नव्हतं. आणि ओळ चुकीचीही वाटत होती, कारण चाकणला कोणी उतरायचं नव्हतं. ताडोबाला निघालेला माणूस चाकणला कशाला उतरेल? मी ती पुसली आणि कॅन्टीनमध्ये जाऊन दोन चहा प्यायले.

बुधवारी संध्याकाळी कळलं की कोणीतरी उतरणार आहे. कुलदीपच्या सुपरवायझरचा, नानासाहेबांचा फोन आला. तातडीचा माल निघायचा होता, दोन ऑपरेटर तापाने पडलेले. शुक्रवारची रजा रद्द, पहिली शिफ्ट, सकाळी सात ते साडेतीन. कुलदीपने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून हसला. असं मोकळं हसू मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

"बघ," तो म्हणाला, "बरोबर जुळलं. तुम्ही व्हा पुढं. मी शिफ्ट करून संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने येतो. त्याची ट्रिप, माझी शिफ्ट. बदली फिटते."

"कोणत्या मशीनवर?"

तो उठून दोरीवरचा युनिफॉर्म काढायला गेला. मला उत्तर मिळालं.

मी फार भित्री बाई नाही. पण त्या क्षणी मला स्पष्ट दिसलं की हा माणूस शुक्रवारी त्या प्रेसपुढे उभा राहणार आणि हात मागे घेणार नाही. त्याला मरायचं होतं असं नाही. त्याला फेडायचं होतं, आणि त्याच्या डोक्यात त्या शिफ्टची किंमत ठरलेली होती. मी रडले, भांडले, पाया पडायचीही तयारी दाखवली. तो माझी समजूत काढत राहिला. "अगं, एका शिफ्टचा तर प्रश्न आहे."

सासूबाई मला रात्री न्हाणीपाशी भेटल्या. हळूच म्हणाल्या, "त्याला गाडीत बसव. कसा बी बसव. आन् मधी कुटं थांबू नगं. येक दिला म्यां. दुसरा न्हाई द्यायची." त्यांचे डोळे कोरडे होते. मी त्यांचा हात घट्ट धरला.

म्हणून मी ऐकल्यासारखं केलं. म्हटलं, बरं बाबा, मी गाडी चालवते, तुला चाकणला गेटवर सोडते, वाटेतच तर आहे. शुक्रवारी पहाटे कुलदीप कंपनीचा निळा युनिफॉर्म घालून माझ्या शेजारी बसला. स्वरूपा माझ्या मागच्या सीटवर गोधडीत गुरफटून लगेच झोपली. तिच्या शेजारची, डावीकडची जागा रिकामी होती. सासूबाईंनी गाडीला हळद-कुंकू लावलं, आणि त्या रिकाम्या जागेकडे बघत एक क्षण उभ्या राहिल्या.

भोसरी ओलांडून आम्ही नाशिक रस्त्याला लागलो. उजाडत होतं. चाकणपर्यंत रस्ता मोकळा होता. तिथे मात्र नेहमीचीच कथा होती. पहिल्या शिफ्टच्या बसगाड्या, कंटेनर आणि दुचाक्या एकमेकांत अडकलेल्या. मी ठरवलं होतं की कंपनीपुढून सुसाट जायचं. पण नेमकं गेट नंबर दोनच्या समोर एक बस आडवी झाली आणि मला ब्रेक दाबावा लागला. घड्याळात साडेसहा वाजले होते.

"लाव बाजूला," कुलदीप म्हणाला.

मी दारांचं लॉक दाबलं आणि बोट तिथेच ठेवलं.

"साधना, लॉक काढ."

"नाही काढत."

"असं काय लहान मुलासारखं करतेस? उशीर होतोय मला."

"होऊ दे. मला कळत नाही असं वाटतं का तुला? तू तिथं हात देणार आहेस. भाऊजींना वाईट वाटलं तर वाटू दे. मी त्यांची माफी मागेन, जन्मभर मागेन. पण मला तू पाहिजेस. ह्या पोरीला बाप पाहिजे." मी लॉकवरचं बोट आणखी दाबलं. "मी तुला देणार नाही, कुलदीप. कोणालाच देणार नाही."

त्याने हँडलवरचा हात काढला नाही, पण ओढलंही नाही. तो गेटकडे बघत होता. आत माणसं एकापाठोपाठ एक चालली होती. मग तो दोन्ही हातांत तोंड धरून रडला.

तेव्हा मागचं दार उघडलं.

डावीकडचं. मी लॉकवर बोट दाबून धरलं होतं, तरी छतातला दिवा लागला, समोर दार उघडं असल्याचं लाल चिन्ह पेटलं, गार हवेचा झोत मानेवर आला. मग दार लागलं. जोरात नाही, झोपलेल्या मुलीला जाग येऊ नये इतक्या बेताने. दिवा विझला. गाडी मागच्या बाजूने किंचित वर उचलली गेल्यासारखं मला वाटलं. आम्ही दोघांनी वळून पाहिलं. स्वरूपा झोपलेली होती. शेजारची जागा रिकामी होती, जशी आधी होती.

पुढची बस हलली. मागून हॉर्न सुरू झाले. मी गाडी काढली आणि शिक्रापूरच्या रस्त्याला लागेपर्यंत आरशात पाहिलं नाही.

थोडं पुढे गेल्यावर कुलदीपने नानासाहेबांना फोन करून सांगितलं की आज येत नाही. नानासाहेबांनी त्याला मेमोची धमकी दिली. त्याने ती ऐकून घेतली, फोन बंद केला आणि तो खिडकीला डोकं टेकून बसला. मला वाटलं, सुटलो. मी चक्क स्वरूपासाठी कुठे इडली मिळेल ह्याचा विचार करायला लागले.

सव्वासातला माझा फोन वाजला. नानासाहेबच होते. मी गाडी कडेला घेतली आणि स्पीकर लावला.

"वहिनी, घरी काही भांडणबिंडण झालंय का? हा कुलदीप मघाशी फोनवर येत नाही म्हणाला, आणि आता बघतो तर मशीनवर उभा. चेहरा ओळखणाऱ्या मशीनवर सहा छपन्नची हजेरी पण आहे. हाक मारली तर वळून बघत नाही. माझ्याकडं पाठ करून काम करतोय नुसता."

कुलदीप माझ्या शेजारी होता. त्याच्या युनिफॉर्मच्या बाहीवर माझा हात होता, बाहीच्या आत त्याचा दंड गरम होता.

"काम तसं झकास करतोय," नानासाहेब म्हणाले, "पण आता एकटाच साचा बदलायला घेतलाय. एकट्यानं करायचं नसतं ते, त्याला माहीत आहे. म्हणून म्हटलं तुम्हाला विचारावं."

मागे प्रेसचा आवाज येत होता, ठराविक अंतराने. तेव्हा मला कळलं. आम्ही सगळे चूक समजलो होतो. कुलदीपला वाटलं की भाऊ सहल मागतोय, मला वाटलं की तो नवरा मागतोय. भाऊजींनी काहीच मागितलं नव्हतं. धाकट्याची अडचण झाली, म्हणून ते परत त्याच्या शिफ्टला गेले होते.

"नानासाहेब, मेन बंद करा!" कुलदीप ओरडला. "प्रेसचं मेन बंद करा आधी!"

"हे कोण बोलतंय?"

"मी कुलदीप. मी गाडीत आहे, रांजणगावजवळ. मेन बंद करा, पाया पडतो तुमच्या."

धावल्याचा आवाज आला. मग खटका पडला आणि प्रेसचा आवाज थांबला.

"कुलदीप," ते अगदी हळू म्हणाले, "तो उभा आहे अजून. मी जवळ जाऊ का?"

"नका जाऊ. तिथूनच सांगा." कुलदीपच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज नीट होता. "दादाला म्हणावं, कुलदीप म्हणतोय, शिफ्ट संपली. फेडायचं काही राहिलं नाही. आता घरी जा."

नानासाहेबांनी ते शब्द तसेच्या तसे म्हटले. मग म्हणाले, "गेला. गेटकडं गेला." आणि फोन बंद झाला.

आम्ही तिथेच बसून राहिलो. पुढे जावं की मागे, हे कोणी विचारलं नाही. स्वरूपा उठली, बिस्किटं खाल्ली, वाघ कधी येणार म्हणाली. साडेआठच्या सुमाराला मी सासूबाईंना फोन लावला. काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. फक्त कुलदीप सुखरूप आहे एवढं सांगायचं होतं.

"ह्यो बसलाय न्हवं तुझ्याजवळ?" त्यांनी पहिलं तेच विचारलं.

"हो आई. माझ्याजवळच आहेत."

"बास." त्यांनी सुस्कारा सोडला. मग म्हणाल्या, "थांब गं, दार वाजतंय."

फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. पावलं लांब गेली. कडी निघाली. त्यानंतर इतका वेळ काहीच ऐकू आलं नाही की मला वाटलं लाइन तुटली. कुलदीपने माझ्या हातातून फोन घेतला आणि कानाशी धरला, मग आमच्या दोघांच्या मध्ये.

"आलास व्हय?" सासूबाईंचा आवाज लांबून आला. "ये. पाय धू आन् बस. भाकरी गरम हाय."

ताट मांडल्याचा आवाज झाला, तांब्याचा झाला. त्या काहीतरी बोलल्या, थांबल्या, हसल्या, परत बोलल्या. मध्ये कोणीतरी उत्तर द्यावं एवढा वेळ जात होता. कुलदीपने फोन बंद केला नाही, आणि मीही त्याला करायला सांगितलं नाही.